ओटीचा नारळ

स्वयंपाकघरात कालपासून ओटीचा नारळ आहे, शेंडीजवळ हळदीकुंकू लागलेला. "यंदा देवी नक्की ऐकेल," म्हणत मावससासूबाईंनी माझी ओटी भरली. त्याच सकाळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की मला एंडोमेट्रिओसिस आहे. गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर माझ्या पोटात बाहेरही वाढतंय. त्यानेच दुखतं आणि त्यानेच कदाचित दिवस राहत नाहीत.

दुखतं तर शाळेपासून. पाळीत मी गुडघे पोटाशी घेऊन पडायचे. "सगळ्यांनाच दुखतं," म्हणून आई ओवा द्यायची. मूल होईना, तेव्हा मात्र घरादाराची धावपळ झाली. या पोटात कुणी यावं म्हणून सगळे वाट बघत होते. त्याच पोटाच्या दुखण्याने इतकी वर्षं मी कळवळत होते, त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

मूल मलाही हवंय. पण उपचार आधी माझ्या दुखण्यावर होतील.

ओटीच्या नारळाचं आमच्याकडे गोडच करतात. मी तो फोडला, खवला आणि लसूण-मिरची घालून चटणी वाटली.

सासूबाई दारात थबकल्या. "अगं, तो ओटीचा ना?"

"हो. माझ्याच ओटीचा," मी म्हणाले आणि चटणी भाकरीला लावून घास घेतला.