सुगंधा ‘नाय’ म्हणाली

सुगंधा सासरी कधी मोठ्यानं बोलली नाही. सासऱ्यांसमोर तर तिची मान वर होत नसे. १९६२ साली पहिल्या बाळंतपणात मूल आडवं आलं, तेव्हा नवरा सत्यवान आणि सासरे तिला विजयदुर्गाहून जामसंड्याला डॉक्टर परुळेकरांच्या दवाखान्यात घेऊन आले. पोट कापावं लागणार होतं.

डॉक्टरांनी तिच्या कण्यात सुई घातली. "बाई ठेंगणी आहे, औषध हात राखूनच देतो," ते नर्सला म्हणाले. "जास्त झालं तर बधिरपणा छातीपर्यंत चढेल, श्वास अडकेल."

थोड्या वेळानं त्यांनी पोटावर टाचणी टोचली. "दुखतं का?"

डावीकडे चांगलंच दुखलं होतं. पण परका पुरुष, अंगावर धड कपडा नाही. सुगंधानं डोळे घट्ट मिटले. "नाय."

सुरी लागली आणि ती किंचाळली. "मेल्या, माका जिती कापतंस काय रे!" पुढं तोंडातून जे जे गेलं ते बाहेर बाकावर बसलेल्या सासऱ्यांनीही ऐकलं. नर्सनं घाईघाईनं ईथरचं फडकं तिच्या नाकाशी धरलं.

जागी झाली तेव्हा कुशीत मुलगी होती, आणि तोंड कुठं लपवावं ते तिला कळेना. डॉक्टर आले तसा तिनं पदर डोळ्यांवर ओढला.

"औषध कमी पडलं, चूक माझी," ते खाली बघत म्हणाले. "पण तुम्ही सांगितलं असतंत तर मी थांबलो असतो. मग ‘नाय’ कशासाठी म्हणालात?"

तेही सांगायची तिला लाज वाटली.

वाडीत त्या शिव्यांच्या नकला झाल्या. सासरे तिच्याशी बोलायचे ते दुसरीकडे बघून. विहिरीवर बायका पांगल्या की मगच ती कळशी उचलायची.

काही वर्षांनी धाकटी जाऊ आनंदी बाळंतपणात अडली आणि पोट कापून घ्यायला त्याच खोलीच्या दारात पोचली, तश्शीच मान खाली घालून. सुगंधा वाटेतच सांगणार होती. पण सत्यवानाबरोबर सासरेही सोबत होते, जीभ उचलली नाही. आताही सासरे बाकावर होतेच. नर्सनं दार लोटायला घेतलं.

"आनंदी गो," सुगंधा एकदम म्हणाली. "डॉक्टर टोचून इचारतले. दुखला तर दुखता म्हणान सांग. मी लाजान गप रवलंय, म्हणान माझे ते हाल झाले."

सासरे खाकरले, उठले आणि अंगणात निघून गेले. सुगंधाचे कान तापले. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आतून आनंदीचा बारीक आवाज आला, "दुखता."

"बरं झालं सांगितलंस," डॉक्टर म्हणाले. "थांबू या."

बऱ्याच वेळानं बाळ रडलं. सत्यवान सासऱ्यांना बातमी द्यायला अंगणात धावला. आता सासरे आत येतील या लाजेनं सुगंधाला मात्र भिंतीपासून हलवेना.