कुणाची सोयरी नसलेली बाई

शिरूरहून एसटीनं वडगाव रासाईला मी पोचले, पण दवाखान्यात मी जे बोलले होते ते माझ्या आधीच घरी पोचलं होतं. दारात पाय ठेवते न ठेवते तोच सासूबाई म्हणाल्या, "म्हायेरला जाऊन ऱ्हायचंय म्हनं तुला? आन् गाडीवर माझ्या लेकाच्या मागं बसायची भीती वाटती म्हनं?"

हातातली पिशवी तिथंच गळून पडली. हे शब्द मी आख्ख्या जगात एकाच माणसापुढं काढले होते, तेही दार लावून. आणि तो माणूस मानसतज्ज्ञ होता!

आता मुळापासून सांगते. त्याच्या आदल्या वर्षी एका लग्नाहून परतताना शिक्रापूरला हायवेवर आमच्या मोटारसायकलला टेम्पोची धडक बसली. माझा पाय मोडला. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नुसतं खरचटलं. लोक गोळा झाले, त्यांनी टेम्पोवाल्याला खाली ओढला आणि गुरासारखा मारला. परमुलखातला माणूस तो. "भैया, मेरी गलती नहीं है," म्हणत हात जोडत होता. मी रस्त्यावर पडून बघत होते आणि माझ्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. त्याची चूक नव्हतीच. मालक पिऊन होते आणि त्यांनीच गाडी उलट्या बाजूला घातली होती. हे मी पाहिलं होतं. गावाच्या लेखी मात्र दोषी टेम्पोवालाच.

पाय जुळला, पण मी काही जुळले नाही. ब्रेकचा आवाज आला की जागच्या जागी थिजायचे. जेवायला बसलं की त्या माणसाचं तोंड दिसायचं आणि घास तोंडातच फिरायचा. हाडाचे डॉक्टर म्हणाले, हे माझ्या गोळ्यांनी जायचं नाही, चांगल्या मानसतज्ज्ञाशी बोला.

चांगला म्हणजे कोणता? आमचं घर धनगराचं. सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायचं. परक्या गावात कळप बसवायचा तर आधी विचारपूस व्हायची: गाव कंचं, कुळी कंची, मामा कुठला? कुठं तरी नातं निघालं की मगच त्या रानात उतरायचं. मेंढरं गेली, कांदा आला, ऊस आला, पण रीत काही सुटली नाही. सासऱ्यांनी चौकशी करकरून शिरूरला एक तज्ज्ञ शोधून काढला, माझ्या नणंदेच्या सासरकडचा. "आपलाच मानूस हाय, पोरी. मनातलं परक्याला कशापायी सांगायचं?" तो शिकलाय काय, असली दुखणी त्यानं कधी बघितलीत का, हे कुणी विचारलं नाही.

आणि त्या 'आपल्या' माणसानं माझी पाठ वळताच घरी फोन लावला. मला सर्वांत जास्त हादरवलं ते याच्या पुढच्यानं. घरात कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही! सासरे तर त्याच्यावर खूश. "बघ, परका असता तर कळवलं असतं का?"

कपाळ माझं! नशीब एवढंच, की दारूचं मी पुढच्या खेपेला सांगणार होते.

त्या घरात मी पहिल्यांदा आवाज चढवला. "आता मानूस मी निवडनार. आन् ज्याचं आपल्याशी काडीचं नातं न्हाई, त्योच निवडनार."

दौंडच्या एका लेडी डॉक्टरनं रेल्वे कॉलनीतल्या बाईंचं नाव सुचवलं. नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेल्या, घरातल्याच एका खोलीत मानसोपचार करणाऱ्या. मी खुर्चीवर टेकायच्या आधीच सुरू झाले. गाव? यवतमाळकडचं. सासर? नागपूर. शिरूरला कुणी? कुणी नाही. दौंडला? फक्त नवरा.

बाई हसल्या. "नातं निघत नाही म्हणून नाराज झालात की खूश?"

"खूश!"

"पण तेवढ्यानं भागत नाही हो. मी काय शिकले, कुणाबरोबर काम केलं, कुणाला बांधलेली आहे, तेही विचारा."

मग मी तेही विचारलं. त्यांनी भिंतीवरची पदवी दाखवली. मोठ्या अपघातांतून वाचलेल्या माणसांबरोबर बरंच काम केल्याचं सांगितलं. पगार कुणाचाच नाही, ना दवाखान्याचा, ना रेल्वेचा. "इथं बोललेलं इथंच राहतं. कुणाच्या जिवाला धोका दिसला तरच मी बाहेर बोलेन, आणि तेही आधी तुम्हाला सांगून." मी मान हलवली. विश्वास मात्र बसला नव्हता, एकदा पोळलेली होते ना.

मी जायला लागले. मालक एसटीनं सोबत यायचे, मला बाईंच्या दाराशी सोडून स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर थांबायचे. असे काही महिने गेले. एका दुपारी मी अंगणात कांदा निवडत होते, तर मालक घरातून तरातरा बाहेर आले.

"काय बाई हाय का कोन! फोन लावला, म्हनलं नवरा बोलतोय, माझी बायको तुमच्याकडं काय सांगती? तर म्हनती, अशा कुनी माझ्याकडं येत्यात का न्हाई तेबी मी सांगनार न्हाई. अगं, मी सोता तुला दाराशी सोडतोय की!"

माझं बोलणं कुणीतरी खरंच राखलं होतं. खुद्द नवऱ्यापासून राखलं होतं! अंगात कुठून बळ आलं देव जाणे, मी उठून उभी राहिले.

"त्यांना कशाला इचारता? मीच सांगते. त्या दिवशी तुम्ही पिऊन होता. गाडी तुम्ही उलट्या बाजूला घातली. त्या टेम्पोवाल्याची काय बी चूक नव्हती."

आता हात उठणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही. उघडले तर मालक कांद्याच्या ढिगाशी खाली बसले होते.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "मलाबी दिसतोय त्यो. हात जोडून हुबा."

मीही तिथंच बसले. एवढे दिवस एका ताटाशी जेवत होतो आणि मला याचा पत्ता नव्हता. त्यांनी एक कांदा उचलला, नुसताच हातात फिरवत राहिले, आणि खाली मान घालूनच म्हणाले, "मी गेलो तिच्याकडं, तर माझंबी कुनाला सांगायची न्हाई ना ती?"