मीटरमास्तरांचा पांढरा रुमाल

इंजिनं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत हुशार माणसांचा तोटा नव्हता, तोटा होता मीटरवर विश्वास ठेवणाऱ्यांचा. ते काम मीटरमास्तर एकटे करत. खरं नाव पगारपत्रकात असेल, पण हाक मारायची ती मास्तर म्हणूनच. सगळ्यांच्या आधी यायचं, धूर मोजणाऱ्या कपाटाएवढ्या यंत्राचं बटण दाबायचं, ते तासभर तापेपर्यंत नळ्या पुसायच्या आणि मग ठरलेल्या मापाचा वायू सोडून आकडा बरोबर येतो का ते बघायचं. अठ्ठावीस वर्षांत ते यंत्र एकदाही खोटं बोललं नव्हतं. मास्तरांना याचा भारी अभिमान होता. बायको म्हणे, "माझ्या तापात कधी इतक्या वेळा कपाळाला हात लावून बघितलं नाहीत." आणि ते खरंच होतं.

त्या वर्षी साहेबांना स्वच्छ इंधनाचं वेड लागलं. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. इंजिनाला हात लावून त्यांना दहा वर्षं झाली असतील, पण इंजिनावर बोलायला उभे राहिले की खाली बसत नसत. खानावळींतलं तळून तळून काळं पडलेलं तेल गोळा करायचं, त्यावर प्रक्रिया करायची आणि शहरातल्या बस त्यावर चालवायच्या, अशी योजना होती. कल्पना चांगली होती, मास्तरांनाही आवडली. पहिल्या चाचणीला खोलीभर तळणीचा असा खमंग वास सुटला की एरवी कानांवर हात ठेवून पळणारी कार्यालयातली मंडळी विज्ञानाच्या ओढीने दाराशी जमली. त्या आठवड्यात जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी होऊ लागली.

निकालही छान आला. धूर ज्या गाळणकागदातून ओढतात, तो डिझेलवर कोळशासारखा व्हायचा, तो आता जेमतेम मळला. साहेबांनी तो कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावला. पण कपाटातल्या तिसऱ्या मीटरने घोळ घातला. या तेलात स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे काजळी नीट जळून जाते. पण आत आच वाढली की हवेतला गरीब नायट्रोजन त्या प्राणवायूशी सोयरीक करतो, आणि त्यातून निघणारा वायू डोळ्यांना झोंबतो, छातीत बसतो. तो दिसत मात्र नाही. डिझेलपेक्षा तो अठरा टक्के जास्त निघत होता. मास्तरांनी चाचणी चार वेळा केली. चारही वेळा अठरा.

"इंजिनात तेल फवारायची वेळ जरा लांबवली तर हा वायू उतरेल साहेब," मास्तर म्हणाले. "दोन महिने द्या."

"मास्तर, योजनेला मंजुरी देणारे पाहुणे सोमवारी येतायत," साहेब म्हणाले. "तो मीटर बिघडलाय असं लिहा ना. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दिसणारं काम कशाला अडवायचं?"

मास्तर घरी आले ते तोंड पाडूनच. बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, चार महिन्यांवर निवृत्ती आली. लिहून टाका आणि मोकळे व्हा. मीटरला थोडंच वाईट वाटणारे?"

मास्तरांनी लिहून टाकलं. 'नादुरुस्त' अशी पाटी, खाली स्वतःची सही. ती तिसऱ्या मीटरला अडकवताना त्यांना इतकी लाज वाटली की दिवसभर ते त्या बाजूला फिरकले नाहीत. पण सोमवारी सकाळी सवयीने बटण दाबलंच. धडधाकट यंत्राला बंद ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं.

पाहुणे आले, हार झाले. कापडी फलक फडफडतो म्हणून साहेबांनी दारं लावायला सांगितली. भाषण ऐकू येत नाही म्हणून धूर बाहेर ओढणारा पंखा बंद करवला. मग मास्तरांच्या खिशातला धुतलेला पांढरा रुमाल मागून घेतला आणि चालत्या इंजिनाच्या धुराड्याला लावला. रुमाल पांढरा तो पांढराच राहिला. टाळ्या पडल्या, आणि साहेब पुढच्या पिढ्यांच्या श्वासाबद्दल बोलू लागले. विसाव्या मिनिटाला पहिल्या रांगेचे डोळे पाणावले, मग दुसरीचे. साहेबांना वाटलं, आज भाषण काळजाला भिडतंय. त्यांनी आणखी एक परिच्छेद वाढवला.

शेवटी मुख्य पाहुण्यांनीच डोळे चोळत विचारलं, "इथे डोळ्यांना झोंबतंय काय?"

साहेबांनी छताकडे बघितलं. मास्तर उठले. त्यांनी तिसऱ्या मीटरवरची पाटी काढली आणि खिशात टाकली.

"मीटर चांगला आहे," ते म्हणाले. "पाटी खोटी आहे. सही माझी आहे. झोंबतंय ते हे, डिझेलपेक्षा अठरा टक्के जास्त."

पाहुण्यांनी आकड्याकडे बघितलं, मग साहेबांकडे. "अठरा टक्के वाढ?"

"हो, वाढ," साहेब चाचरत म्हणाले.

"पहिल्याच वर्षी? वा," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मास्तरांनी दारं उघडली आणि मंडळी खोकत चहाकडे वळली.

मास्तरांची उरलेली नोकरी टायरांच्या गोदामात गेली. तिथे मोजायला काही नव्हतं. जायच्या आधी त्यांनी नोंदवहीत पक्क्या शाईने अठराचा आकडा लिहिला आणि खाली सही केली. ती सही करताना त्यांना बरं वाटलं. रुमाल साहेबांनी परत दिला, तोही धन्यवाद म्हणून.

निवृत्तीनंतरच्या एका सकाळी मास्तर बायकोला घेऊन बसथांब्यावर उभे होते. आधी खमंग वास आला, मागून बस आली. तिच्या अंगावर हिरवी पानं रंगवली होती. तिच्या मागे तशाच आणखी दोन लागल्या. तिन्ही जागेवरच गुरगुरत राहिल्या.

"अहो, डोळ्यात काहीतरी गेलं वाटतं," बायको म्हणाली. "बघा बरं, काही दिसतंय का?"

मास्तरांनी तिची हनुवटी धरून दोन्ही डोळ्यांत नीट बघितलं. लाल झाले होते, पाणी वाहत होतं.

"दिसत काही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. तो अजून पांढराशुभ्र होता.