इस्तवाची खापरी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला भोक पाडायचं मी ठरवलं, तेव्हा वडिलांना पहिला संशय माझाच आला.

"भिंतीला भोक पाडणं चोराचं काम," ते म्हणाले. "हैदराबादेत हेच शिकवलं का रे तुला?"

"धूर जायला वाट पाहिजे, दादा."

"धूर जाईल तिच्यातून. अन येईल कोण?"

माय चुलीपुढं बसली होती. ती हसायला गेली आणि हसण्याचा खोकला झाला. तो बराच वेळ थांबला नाही. वडील उठून बाहेर गेले. तो मी त्यांचा होकार समजलो.

आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडं. घर जुनं, माळवदाचं. जाड मातीच्या भिंती आणि गल्लीकडं एक दार. खिडकी एकही नव्हती, कारण खिडकी ठेवणं म्हणजे चोराला रस्ता दाखवणं, असं आमच्याकडं मानायचे. चुलीच्या वर छताला एक सानं होतं. उजेडही त्यातूनच यायचा आणि धूरही त्यातूनच जायचा, पण जाण्याआधी तो सगळ्या घरात फिरून घ्यायचा. मायचे डोळे कायम लाल असत. हिंगोलीच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासून सांगितलं होतं, की औषध मी देतो, पण आधी धूर बंद करा.

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. हैदराबादेत ज्या वसतिगृहानं मला फुकट जेवू घातलं, त्याचे उपकार मी विसरलेलो नाही. तिथल्या स्वयंपाकघरात धूर दिसत नसे. चूल चारी बाजूंनी बंद, आणि धूर नळीवाटे भिंतीबाहेर. त्याआधी हिंगोलीत शिकत असताना मायनं धुरात बसून थापलेल्या भाकरी गाडीवाल्याच्या हाती माझ्याकडं येत. पदवीचा तिला काही उपयोग व्हायचा असेल तर तो इथूनच सुरू व्हावा, असं मला वाटलं. मी तेव्हा हिंगोलीच्या शाळेत मास्तर होतो. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी कामाला लागलो.

कुंभाराकडून खापराच्या नळ्या घडवून आणल्या. माती आणि भुसा तुडवून दोन तोंडांची बंद चूल घातली, सरपणाच्या तोंडाला झाकण केलं, नळी मागच्या भिंतीतून बाहेर काढली. माजघरात उंचावर एक झरोका पाडला. त्याला वडिलांच्या समाधानासाठी लोखंडी गज बसवले. माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर दिला, त्यानं दुपारची तलखी कमी झाली. सानं बुजवलं. पूर्वी कापसाच्या पळाट्यांचा जो भारा संध्याकाळपर्यंत जळून जायचा, तो आता दुसऱ्या दिवशीही उरू लागला. माय पहिल्यांदा चुलीपुढं डोळे उघडे ठेवून बसली.

"घर कसं परक्याचं वाटून राहिलं," ती म्हणाली. पण खोकला कमी झाला होता.

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. महायुद्धापासून काडेपेटी मिळण्याची मारामार होती, आणि गल्लीतली बरीच घरं आमच्या चुलीवर पेटायची. माय संध्याकाळी निखारे राखेत पुरून ठेवायची. सकाळी शेजारची खाला खापरी घेऊन यायची, निखारा घ्यायची, चार गोष्टी सांगायची आणि जायची. खालाचा नवरा पिंजारी. त्यांची आणि आमची भिंत एकच. एखाद्या दिवशी आमची चूल विझली, तर माय त्यांच्याकडं जायची. आमच्या गावात दोन घरांचं बिनसलं, की आधी इस्तू, म्हणजे विस्तव, बंद व्हायचा, बोलणं मागून.

नव्या चुलीत हवा अशी ओढली जाई, की सगळं जळून पांढरी राख उरे. निखारा सकाळपर्यंत टिकतच नसे. खाला आली, तेव्हा माय म्हणाली, "आज इस्तू न्हाई गं भाबी." दुसऱ्या दिवशीही तेच. मायकडं मी आणलेली काडेपेटी होती. तिसऱ्या दिवशी मायनं त्यातल्या काड्या देऊ केल्या. खाला म्हणाली, "काड्या कशाला? मी का पावनी हाय?" आणि रिकामी खापरी घेऊन गेली. नंतर ती आलीच नाही. मायला वाटलं, त्यांनीही कुठून तरी काडेपेटी मिळवली असेल.

दिवस वाईट होते. हैदराबादचं राज्य राहणार की जाणार, याची कुजबुज गावोगाव चालली होती. वर्दीतली माणसं अधूनमधून रस्त्यानं जात, आणि आमच्यासारखी बरीच घरं हद्दीवरचा नाका ओलांडून वऱ्हाडात नातेवाइकांकडं निघून गेली होती. अशात वडिलांच्या नजरेस एकेक गोष्ट पडू लागली. पिंजाऱ्याची कापूस पिंजायची धनुकली दुपारची वाजेनाशी झाली. त्यांचं दार दिवसाउजेडी बंद होऊ लागलं. परगावचा मेहुणा त्यांच्याकडं येऊन राहिला. पिंजारी वाटेत दिसला तर खाली बघून जाई.

"काहीतरी शिजून राहिलं तिथं," वडील म्हणाले.

"त्यांच्या घरी पावना आला, तर शिजवतीलच की," माय म्हणाली.

"मजाक करू नको. खाला काहून येत न्हाई? तिला कोणी तरी सांगितलं असंल, त्या घरी जाऊ नको म्हणून. पुढं काय व्हणार हाये, ते त्यायला ठावं हाये."

मला हे पटत नव्हतं, पण खोडूनही काढता येत नव्हतं. मीही भिंतीला कान लावून बसलो. पलीकडं बोलण्याचे आवाज दबके झाल्याचं कळलं, आणि तेवढ्यानं माझाही संशय वाढला. वडिलांनी ठरवलं: मायला वऱ्हाडात मामाकडं पोचवायचं.

माय चिडली. "तुमच्या मेव्हण्याच्या घरात डोळे फुटेस्तोवर धूर असतो. आत्ता कुठं श्वास घेऊन राहिले, तर पुन्हा त्या भट्टीत घालता मला?"

"जीव राहिला तर श्वास घेशील," वडील म्हणाले.

सकाळी गाडी जुंपली. बोचकी भरली गेली. तेवढ्यात मायला आठवलं, की चूल गार आहे. आमच्याकडं घर सोडून गावाला जाताना चूल थंड ठेवत नाहीत. निखारा राखेत पुरून जातात, म्हणजे माणूस परत येतं. काडीनं पेटवलेला जाळ त्यासाठी तिला चालत नव्हता, दुसऱ्या चुलीतला लागता विस्तव हवा होता. तिनं खापरी घेतली आणि वडील काही बोलायच्या आत पिंजाऱ्याचं दार ठोठावलं.

दार खालानं उघडलं. तिची नजर आधी खापरीवर गेली, मग गाडीवर.

"आता इस्तू पाहिजे?" ती म्हणाली. "आमी मागितला तवा तुमच्या घरात न्हवता. आता गाडी जुंपून मागायला आल्या?"

"न्हवताच गं भाबी. खोटं बोलले का मी?"

"रोज भाकरी होतात तुमच्या घरी, वास येतो. अन इस्तू न्हाई? एवढी येडी समजता मला? तुमच्या लेकानं भिंत फोडली, सानं बुजवलं, वर धूर दिसत न्हाई. आमच्या माणसाला वाटलं, तुमी गुपचूप काही करून राहिले. आमी पण हिंगोलीला जायचं ठरवलं. माझा भाऊ त्याच्यासाठीच आला."

मायनं खालाचं मनगट धरलं आणि तिला ओढत आमच्या घरात आणलं. चुलीचं झाकण काढून म्हणाली, "घाल हात."

खालानं हात घातला. मूठभर पांढरी राख बाहेर आली. तिनं ती बोटांनी चाळली आणि माझ्याकडं वळली.

"मास्तर, ही काय चूल केली? सगळं खाऊन टाकते, शेजाऱ्याला काही ठेवत न्हाई!"

माय इतकी हसली, की पुन्हा खोकली. बाहेर पिंजारी आणि वडील समोरासमोर उभे होते. शेवटी पिंजारीच म्हणाला, "बैलं उन्हात काहून उभी केली, दादा?" वडिलांनी बैल सोडले. बोचकी मात्र आठवडाभर तशीच बांधलेली होती.

त्याच दिवशी मी चुलीच्या शेजारी एक लहानसा खड्डा केला. भाकरी झाल्यावर माय चार निखारे चुलीतून ओढून त्यात राखेखाली पुरू लागली. थोडा धूर पुन्हा घरात आला, पण तो तिला सोसत होता. खाला पुन्हा येऊ लागली. वडिलांचा संशय काही गेला नाही. तो सगळा खापरीवर जाऊन बसला. सकाळी तोंड धुण्याआधी ते विचारत, "आली का ती?" खालाला उशीर झाला, की उगाच दारात जाऊन उभे राहत.

भादव्यात फौज आली, राज्य बदललं आणि भीतीनं घर बदललं. आता गल्लीत दबक्या आवाजात पिंजाऱ्याबद्दल बोलणं होऊ लागलं: त्याचा मेहुणा कोण होता, काय ठरवायला आला होता. शाळा बंद म्हणून मी घरीच होतो, त्यातल्या एका सकाळी खाला आली नाही. त्यांचं दार बंद होतं आणि पलीकडून सामान ओढल्याचा आवाज येत होता.

वडिलांनी कोनाड्यातली खापरी उचलली. आमच्याकडं पुरुषमाणूस कधी इस्तू मागायला जात नाही. ओट्यांवरची माणसं बघत होती. वडील गल्लीच्या मधोमध चालत गेले, दार वाजवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"भाबी, आमची चूल विझली. इस्तू द्या."

आमची चूल पेटलेली होती. मागच्या भिंतीतून धूर निघत होता, पण तो गल्लीतून दिसत नसे.

आतलं सामान ओढणं थांबलं. वडील हलले नाहीत. मग कडी निघाली.