पत्र्याची चिलखती गाडी

माझे मामा महायुद्धात चिलखती गाडी चालवायचे. पुढे मनमाडला रेल्वेत लागले, निवृत्त होऊन नाशिकरोडला आमच्या कॉलनीत आले आणि पायांनी दगा दिला. जयंतीची मिरवणूक ते मागच्या खोलीत पडून नुसती ऐकायचे. एका वर्षी चौदा एप्रिल जवळ आला तसे म्हणाले, "औंदा मला न्या रे. समद्यांना एकदा भेटू दे."

खुर्चीत बसवून नेलं असतं तर संपलं असतं. पण मी शहाणा! "चित्ररथ करू, तुमचीच गाडी!" असं मीच ठोकून दिलं. आयुष्यात भिंतीत खिळा सरळ न गेलेला मी, वाचनालयातल्या मासिकात त्या गाडीची चित्रं पाहून तज्ज्ञ झालो होतो.

आधी तोफेची गाडी केली. मंडळाचे अध्यक्ष तडकले, "पंचशीलाच्या झेंड्याखाली तोफ? डोकं ठिकाणावर हाय का?" तोफ काढून तिथं एरियल म्हणून काठी उभी केली आणि वायरलेसची गाडी जाहीर केली. काठी विजेच्या तारांना लागेल म्हणाले. ती उतरवून लाल फुली फासली, झाली अ‍ॅम्ब्युलन्स. "युद्धातही हिची अशीच वेगवेगळी रूपं होती," मी छाती फुगवून सांगत सुटलो. लोक हसायचे, मला वाटायचं, कौतुक चाललंय.

मिरवणुकीच्या दिवशी टेम्पोवरच्या त्या पत्र्याच्या डब्यात मामांना उचलून बसवलं, हातात जुनं स्टिअरिंग दिलं आणि दार लावलं. समोर चित्रातल्यासारखी बोटभर फट. ढोल सुरू झाले. बायका हार घेऊन आल्या नि विचारू लागल्या, "मामा कुठंत?" मामांचे एक जुने दोस्त पत्र्यावर हात फिरवत टेम्पोबरोबर चालत होते. आतून धडाधड ठोकण्याचा आवाज आला. मी म्हटलं, वा! म्हातारा रंगात आला!

ठोकणं थांबेना, तेव्हा कान लावला.

"अरे येड्या, सारी लढाई मी ह्याच फटीतून पाह्यली. माझे दोन जोडीदार गेले, तेबी ह्यातूनच पाह्यले. आज तरी मला माणसं पाहू दे रे!"

टेम्पो थांबवला, पत्रा कापायची कात्री मागवली आणि सगळ्या कॉलनीसमोर माझी कलाकृती मीच कापायला घेतली. बोट कापलं, शर्ट रंगला. अध्यक्ष म्हणाले, "आता हे कोणतं रूप म्हणायचं, साहेब?" मी कात्री रेटत राहिलो.

पुढचा पत्रा निघाला. घामानं निथळलेले मामा डोळे मिचकावत सगळ्यांकडे पाहत राहिले. ते जुने दोस्त टेम्पोवर चढले. मामांनी स्टिअरिंग टाकून दिलं आणि दोन्ही हात बाहेर काढले.