टेकडीवरची पवनचक्की

पाती गरगर फिरतात, पण शेजारच्या झाडाचं पानही हलत नाही. कॉम्प्युटर गेममध्ये मोड, म्हणजे बाहेरून मिळणारा जादा भाग, टाकून माझी भाची रेवाने उभारलेली ही पवनचक्की. खाली घरावर माझे सोलर पॅनल. त्या जगात आम्ही दोघीच. जास्त वीज कुणाची, यावर पैज. सूर्य मला सरळ वाटतो, मावळला की हात वर करतो. गेमचा नियम एकच: जवळ खेळाडू नसेल तर ऊन-वारा सगळंच थांबतं.

बऱ्याच दिवसांनी आज गेममध्ये गेले. माझी बॅटरी होती तेवढीच. रेवाची काठोकाठ भरलेली.

"अगं मावशी, मी तर गेलेच नाहीये," रेवा फोनवर म्हणाली.

घराला कुलूप लावताना आपणही समजतो, आत आता सगळं थांबलं.

गेममध्ये मी इतकी मागे सरले, की चक्की थांबायलाच हवी. पाती फिरतच होती.