‘त्याची’ म्हणजे कोणाची?

लातूरला कर्णबधिर मुलांच्या शाळेत मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. शिकवणं हे माझं काम, दुभाषी होणं त्याच्यासोबत आपोआप आलं. दवाखाना, बँक, लग्नाची बोलणी, जिथे आमच्या मुलांना ऐकणाऱ्यांशी बोलायचं असतं तिथे ती मला बोलावतात आणि मी जाते. पण कार्डांच्या खेळासाठी मला कोणी बोलावेल असं कधी वाटलं नव्हतं.

बोलावणारी माझी जुनी विद्यार्थिनी होती. हदगावकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. सहा वर्षांची असताना आमच्या वसतिगृहात आली तेव्हा तिला स्वतःचं नावसुद्धा माहीत नव्हतं, कारण घरात कोणी तिला हाक मारायचंच नाही, खांद्याला हात लावायचे. आता ती नांदेडला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे आणि खोली घेऊन एकटी राहते.

तिला वेड होतं जमवायच्या कार्डांच्या खेळाचं. हे आपले बावन्न पत्ते नव्हेत. बंद पाकिटांत कार्डं मिळतात. प्रत्येकावर एखाद्या योद्ध्याचं चित्र आणि खाली इंग्रजीत दोन ओळी, त्या योद्ध्याला काय करता येतं ते सांगणाऱ्या. आपल्याजवळच्या कार्डांतून चाळीस निवडून गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याशी झुंजायचं. खेळाचा सगळा जीव त्या दोन ओळींत. तिचं इंग्रजी कामापुरतंच, म्हणून ती कार्डाचा फोटो पाठवायची, मग व्हिडिओ कॉल लावायची. मी फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवून खुणांनी अर्थ सांगायची.

त्यातल्या एका कार्डावर लिहिलं होतं : हा योद्धा दुसऱ्या योद्ध्याशी भिडला, की त्याची ढाल फुटते. मी उजवी मूठ धरली, हा आपला योद्धा. डावी मूठ, तो समोरचा. दोन्ही एकमेकींवर आपटल्या आणि डाव्या मुठीपुढची ढाल फोडून दाखवली. कुकरची शिट्टी होत होती. “छान कार्ड आहे,” असं सांगून मी फोन ठेवला. सगळ्याला मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल.

तिने त्या कार्डाच्या चार प्रती मिळवल्या आणि सगळा गठ्ठा त्यांच्याभोवती बांधला. तिच्यासोबत खेळणाऱ्या दोन मैत्रिणीही आमच्याच शाळेतल्या. त्या खेळ हिच्याकडूनच शिकल्या, त्यामुळे त्यांच्याही समजुतीत ढाल फुटायची ती समोरच्याचीच.

गेल्या हिवाळ्यात नांदेडला या खेळाची स्पर्धा ठरली आणि तिने नाव दिलं. ऐकणाऱ्यांशी ती पहिल्यांदाच खेळणार होती. “तुम्ही शेजारी बसा,” तिने मला सांगितलं. रविवारी पहाटेची एसटी धरून मी अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचले. तिथे वजिराबाद भागात एका दुकानाच्या माडीवर टेबलं मांडली होती. चाळीसेक लोक असतील, कॉलेजातली पोरंपोरी, दोन डॉक्टर, एक चाळिशीची शिक्षिका. रेल्वेत नोकरी करणारा एक सडपातळ तरुण पंच होता. मी दुभाषी आहे म्हटल्यावर त्याने स्वतः खुर्ची आणून, माझे हात तिला समोर दिसतील अशी मांडली.

पहिल्या डावात तिच्यासमोर देगलूरचा एक औषध दुकानदार आला, तिशीतला, गोड बोलणारा. चौथ्या पाळीला तिने ते कार्ड टाकलं, आपला योद्धा त्याच्या योद्ध्यावर घातला आणि त्याच्या कार्डावरची ढालीची सोंगटी उचलायला हात पुढे केला.

“आवो, थांबा थांबा,” तो म्हणाला. “माझी ढाल कशाला काढून राहिल्या? ढाल तुमची फुटतीय.”

मी ते खुणांनी सांगितलं. तिने कार्ड उचलून त्याच्यापुढे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. त्यानेही त्याच ओळीवर बोट ठेवलं. पंचाला बोलावलं. त्याने कार्ड दोनदा वाचलं आणि अगदी सहज विचारलं, “यात फक्त ‘त्याची’ लिहिलंय. ‘त्याची’ म्हणजे समोरच्याची, हे तुम्हाला कुठून कळलं?”

मी प्रश्न सांगितला. तिने हसून, मोठ्या भरवशाने माझ्याकडे बोट केलं. दुभाषी बोलतो तो दुसऱ्याच्या वतीने बोलतो, ‘मी’ म्हटलं तरी तो ‘मी’ दुसऱ्याचा असतो. त्यामुळे मला माझ्याच तोंडाने म्हणावं लागलं, “माझ्या मॅडमनी सांगितलं.”

त्या क्षणी मला स्वयंपाकघरातली ती डावी मूठ दिसली. बोलण्यात ‘त्याची’ हा शब्द मोघम राहू शकतो, कोणाची ते न ठरवता वाक्य पुढे जातं. खुणांमध्ये बोट कुठेतरी दाखवावंच लागतं, इकडे किंवा तिकडे. मी तिकडे दाखवलं होतं. दोन अर्थ निघतात हे मला तेव्हा जाणवलं होतं का? खरं सांगायचं तर थोडंसं जाणवलं होतं. पण कुकर होत आला होता.

“आता हे मी माझं बोलते आहे,” मी पंचाला म्हटलं आणि सोबत हातांनी तिलाही सांगत गेले. “वाक्याचे दोन अर्थ होतात. मी हिला एकच सांगितला. हिची चूक नाही.”

पंचाने मोबाइलवर खेळ काढणाऱ्यांनी दिलेले खुलासे शोधले. “दोन्ही अर्थ निघतात हे बरोबर आहे, मॅडम. बऱ्याच जणांचा घोळ झालाय. पण खुलासा आहे, ढाल स्वतःचीच फुटते. योद्धा एवढा ताकदवान दिलाय, त्याची भरपाई म्हणून.”

तिने सोंगटी परत ठेवली. तो डाव ती हरली. औषध दुकानदार उठताना माझ्याकडे वळला. “त्यांना सांगा, लई चांगलं खेळतात. मलाच वाईट वाटून राहिलंय.” मी सांगितलं. तिने मान हलवली, पण त्यानंतर माझ्याकडे पाहिलं नाही. आमच्या भाषेत न पाहणं म्हणजे कान बंद करणं.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन बसली. मी माझा डबा घेऊन दोन पायऱ्या खाली बसले, तिला हात दिसतील अशी. बराच वेळ ती भाकरी मोडत राहिली. मग एकदम तिचे हात सुरू झाले.

“दोन अर्थ आहेत हे माहीत होतं?”

“थोडं.”

“मग एकच का दिला?”

“घाईत होते.”

“सगळेच घाईत असतात,” ती म्हणाली. “घरी सगळे हसतात, मी विचारते काय झालं, आई म्हणते काही नाही. ऑफिसात अर्धा तास मीटिंग चालते, शेजारची मला एका ओळीत सांगते. मला वाटायचं, तू पूर्ण सांगतेस.”

खुणांच्या भाषेत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत भेद नसतो, आपण बोट करतो ते एकच. एरवी ते मला ‘तुम्ही’ वाटायचं. त्या जिन्यात ते ‘तू’ होतं, आणि ते बरोबर होतं.

मी माफी मागितली. सबब सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नव्हती. तिने डबा बंद केला, हात पुसले आणि खिशातून गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. “सगळी. पहिल्यापासून. शब्दाला शब्द. जिथे दोन असतील तिथे दोन.”

सुट्टी संपायला वीस-पंचवीस मिनिटं होती. आम्ही जिन्यात बसून कार्डं वाचली. जिथे वाक्य मोघम होतं तिथे मी आधी डावीकडे बोट करायची, मग उजवीकडे, आणि भुवया उंचावून थांबायची : यातलं कोणतं, कार्ड सांगत नाही. तिला ती खूण आवडली. पुढे पुढे माझ्या आधीच तिच्या भुवया वर जाऊ लागल्या. चाळीसपैकी सात कार्डांत तिला काही ना काही नवं सापडलं. वर जाताना तिने माझी पिशवी घेतली. राग पुरता गेला नव्हता, पण पिशवी तिने घेतली.

दुपारच्या डावात समोर एक इंजिनीअरिंगची विद्यार्थिनी होती, वाऱ्यासारखी खेळणारी. तिने एक कार्ड टाकलं : हातातली दोन कार्डं टाकून द्या किंवा एक योद्धा गमावा आणि एक कार्ड उचला. तिने दोन कार्डं टाकली आणि लगेच एक उचललं. मी शब्दाला शब्द खुणा करत होते. दोन कार्डं टाकणं डावीकडे ठेवलं, योद्धा गमावणं उजवीकडे, आणि ‘उचला’पाशी माझा हात हवेत राहिला.

माझ्या विद्यार्थिनीने तो अडकलेला हात पाहिला. तिने पंचासाठी हात वर केला.

“हे उचलणं कुठे ठेवायचं?” तिने विचारलं, मी आवाज दिला. “फक्त योद्धा गमावला तर उचलायचं, की दोन्हीकडे?”

समोरची मुलगी कार्ड घेऊन वाचू लागली. “अगं बाई,” ती म्हणाली, “मी तर वर्षभर असंच खेळून राहिले! कुणी टोकलंच नाही.”

पंचाने खुलासे चाळले, यावर काहीच नव्हतं. त्याने त्याच्याहून अनुभवी पंचाला फोन लावला, खिडकीशी जाऊन पाच मिनिटं बोलला. आसपासची दोन टेबलं आपला खेळ थांबवून ऐकत होती आणि प्रत्येकाचं मत मी तिला सांगत होते, कोण काय म्हणतंय, कोण कोणाला खोडतंय, सगळं. माझे हात दुखायला लागले. तिचे डोळे मात्र एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर असे फिरत होते, की मध्येच थांबायचं माझ्या जिवावर आलं. शेवटी पंच आला. उचलणं फक्त योद्ध्यासोबत. मुलीने उचललेलं कार्ड परत ठेवलं, आणि आमची तो डाव थोडक्यात जिंकली. दिवसाअखेरी तिचा नंबर मधेच कुठेतरी लागला.

संध्याकाळी ती मला सोडायला बसस्टँडवर आली, तेव्हा तिच्या आईचा मला फोन आला. “बाई, जिंकली का हरली?”

“दोन हरली, दोन जिंकली.”

“तिला सांगू नगा बरं का, पर ती घरी आली व्हती तवा त्या कार्डाचा डबा म्या एकदा उकिरड्यावर टाकाया निघाले व्हते. तिच्या बापानं हातातून घेतला.”

मी शब्दाला शब्द तिला सांगितलं. ती एवढ्या मोठ्याने हसली, की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. फोनमध्ये आईला ते हसणं ऐकू गेलं.

“सांगितलं व्हय तुमी!”

“सांगितलं,” मी म्हटलं.

मग आईही हसली. “मंग आता हे बी सांगा, म्हणावं शिमग्याला ये, मला बी शिकीव.”

त्यानंतरची गोष्ट थोडी आहे. पंचाने तिचा नंबर घेतला होता. नवी कार्डं आली की तो आधी तिला पाठवतो आणि ती त्याला शंका लिहून पाठवते, मराठीत, जमेल तशा इंग्रजीत, कधी नुसत्या बाणांच्या खुणा काढून. पंच होण्यासाठी ऑनलाइन परीक्षा असते, ती तिने उन्हाळ्यात दिली. दोन गुणांनी राहिली. मी फोनवर तिची समजूत घालायला लागले तर तिने मला थांबवलं. एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर येतात असं तिचं म्हणणं आहे, आणि तसं तिने परीक्षा घेणाऱ्यांना लिहून कळवलंय. त्यांचं उत्तर अजून यायचंय. तोवर ती पुन्हा अभ्यासाला बसली आहे.